नाव लपेल, वाडी कशी लपेल?

(१)

संगणकशास्त्र हा माझा विषय नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तरीही संगणकांच्या जाळ्याविषयी लिहायला बसलो आहे, त्याला कारण एक विद्यार्थी. गेल्या वर्षी जयंतीनंतर दोन दिवसांनी तो मला रामवाडीच्या एस.टी. स्थानकावर भेटला. त्याच्या गावात बाबासाहेबांची मिरवणूक मुख्य रस्त्याने नेऊ दिली नव्हती. शिवीगाळ झाली, ढकलाढकली झाली, आणि हे सगळे त्याने मोबाइलवर टिपून ठेवले होते. "सर, हे बाहेर गेलं पाहिजे. पण माझं नाव येता कामा नये. वडील त्यांच्याच वीटभट्टीवर आहेत," तो म्हणाला. गाव पेण तालुक्यातले की रोह्यातले, हे मी सांगणार नाही. मुलाचे नावही देणार नाही. या लेखाचा विषयच तो आहे.

मुलगा संगणकशास्त्र शिकतो. मालक नसलेली, मधला साहेब नसलेली, कोणी पाठवले हे कोणालाच न कळणारी संगणकजाळी जगात आहेत, हे त्याला ठाऊक होते. अशाच एका जाळ्यातून त्याने ती चित्रफीत दुसऱ्या जिल्ह्यातल्या मित्रांकडे पाठवली. त्याचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगतो. त्यानंतर मात्र आम्ही दोघांनी बसून या जाळ्यांच्या रचनेविषयी मिळेल ते वाचले. तो मला त्यातले तंत्र समजावून सांगे आणि मी त्याला त्यातली भाषा उलगडून दाखवी. साहित्यकृतीला आपण जे प्रश्न विचारतो तेच या रचनेलाही विचारता येतात, असे मला वाटू लागले. हिची निर्मिती कोणी केली? तिच्यात माणूस कोण म्हणून गृहीत धरला आहे? शत्रू कोण म्हणून कल्पिला आहे? आणि आपण त्या कल्पनेत कुठे बसतो?

(२)

या जाळ्यांना इंग्रजीत 'पिअर-टू-पिअर' म्हणतात. पिअर म्हणजे बरोबरीचा. नेहमीच्या व्यवस्थेत मध्ये एक मोठा संगणक असतो. सगळे त्याच्याकडे मागतात आणि तो सगळ्यांना देतो. गावातल्या वाड्यासमोर जाऊन उभे राहण्यासारखा हा प्रकार. वाडा बंद झाला की सगळ्यांचे बंद, आणि कोण केव्हा काय मागायला आले याची नोंद वाड्याच्या वहीत. बरोबरीच्यांच्या जाळ्यात प्रत्येक संगणक मागणाराही असतो आणि देणाराही.

१९९९ मध्ये 'नॅपस्टर' निघाले. गाणी लोकांच्या संगणकांवरून थेट एकमेकांकडे जात, पण कोणते गाणे कोणाकडे आहे याची यादी कंपनीच्या संगणकावर होती. वाडा गेला, वही राहिली. संगीत कंपन्यांनी न्यायालयात खेचल्यावर जुलै २००१ मध्ये ते बंद पडले. २००० मध्ये आलेल्या 'नुटेला'ने वहीच काढून टाकली. तुम्ही शेजाऱ्याला विचारायचे, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचे, आणि ठराविक टप्पे झाले की विचारणा थांबायची. मात्र एका प्रश्नासाठी असंख्य संगणक राबू लागले आणि जाळे मंदावले. तेव्हा जास्त ताकदीच्या संगणकांना मधले मुकादम नेमण्यात आले. त्याच वर्षी अदर आणि ह्युबरमन या दोन अभ्यासकांनी नुटेला मोजून पाहिले. जवळजवळ सत्तर टक्के लोक स्वतः काहीच देत नव्हते, आणि निम्म्याच्या आसपास उत्तरे वरच्या एक टक्का संगणकांकडून येत होती. समान म्हणून घोषित केलेल्या समाजात एका वर्षाच्या आत वरचे आणि खालचे तयार झाले! त्यासाठी कोणी स्मृती लिहिली नव्हती.

इंग्रजीतला 'पिअर' हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहात बसणाऱ्यालाही पिअरच म्हणतात. तेही एकमेकांच्या बरोबरीचे. बाहेरच्याच्या बरोबरीचे मात्र नव्हेत. समतेचा शब्द उच्चारला की ती कोणाकोणातली समता हे विचारावे, असे आपल्या चळवळीने आपल्याला शिकवले आहे. संगणकाच्या बाबतीत तो प्रश्न टाळण्याचे कारण नाही.

निनावीपणाचा खरा विचार 'फ्रीनेट' या जाळ्यात दिसतो. इयान क्लार्क या एडिंबरा विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि पुढच्या वर्षी ते लोकांच्या हाती आले. त्याचे तत्त्व रामवाडीच्या माणसाला चटकन कळेल. येथे एस.टी.चे विभागीय कार्यालय आहे. आमच्या आधीच्या पिढीतले कार्यकर्ते पत्रकांचे गठ्ठे ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देत. तो पुढच्या स्थानकावर दुसऱ्याच्या हाती देई, दुसरा तिसऱ्याच्या. प्रत्येकाला आपल्या आधीचा एक आणि नंतरचा एक एवढेच ठाऊक. पत्रक लिहिले कोणी आणि शेवटी वाचणार कोण, हे मधल्या कोणालाच माहीत नसे. फ्रीनेटमध्ये मजकूर असाच हातोहात जातो, शिवाय कुलूपबंद पेटीतून. आपल्या संगणकावर काय साठले आहे हे खुद्द त्या संगणकाच्या धन्यालाही कळत नाही. पकडले गेलात तर म्हणता येते, "मी फक्त पुढे दिले. लिहिणारा मीच, हे सिद्ध करा."

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे. निनावीपणाची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

(३)

नाव नसेल तर माणसे मोजायची कशी? ही या रचनेतली दुसरी मोठी अडचण. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या जॉन डाउसर यांनी २००२ मध्ये तिला 'सिबिल हल्ला' असे नाव दिले. सिबिल हे एका इंग्रजी पुस्तकातल्या, अनेक व्यक्तिमत्त्वे असलेल्या बाईचे नाव. निनावी जाळ्यात एकच माणूस हजार खोटी नावे घेऊन शिरू शकतो आणि हजार जणांच्या आवाजात बोलू शकतो. बहुमत त्याचे, शेजारी सगळे तोच, आणि मधोमध सापडलेल्या खऱ्या माणसाला वाटते की सारे जग आपल्या विरोधात आहे. जयभीम लिहिलेल्या एका ओळीखाली क्षणात शेकडो निनावी शिव्या पडतात, हा अनुभव आपल्या मुलामुलींना नवा नाही. त्या शिव्या देणारे हात शेकडो असतात की चार, हे कळायला मार्ग नसतो.

डाउसर यांनी दाखवून दिले की ओळखपत्र देणारी एक मध्यवर्ती सत्ता नसेल, तर हा हल्ला पूर्णपणे रोखणे व्यवहारात अशक्य आहे. रोखता येईल तो एकाच स्थितीत, प्रत्येकाजवळची साधने जवळपास सारखी असतील तर. आणि ही अट वास्तवात पुरी होणारी नाही, हेही त्यांनीच सांगितले.

हे वाचताना मला २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे घटना समितीतले भाषण आठवले. राजकारणात एका माणसाला एक मत मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर तिने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असा इशारा त्यांनी दिला होता. साधनांची विषमता कायम ठेवून मतांची समता टिकत नाही, हे संगणकशास्त्राला २००२ मध्ये सिद्ध करावे लागले. आपल्या माणसाने ते ५३ वर्षे आधी सांगून ठेवले होते.

यातून सुटण्यासाठी सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या माणसाने २००८ मध्ये बिटकॉइनचा आराखडा मांडला. त्याने डोकी मोजणे सोडले आणि संगणकाने केलेले कष्ट मोजायला घेतले. खोटी नावे हजार घेता येतात, पण हजार संगणकांची वीज फुकट मिळत नाही. युक्ती चतुर आहे. परिणाम काय झाला? ज्याच्याकडे यंत्रे आणि वीज अधिक, त्याचा शब्द अधिक. मालमत्तेवर मतदान देणारी ब्रिटिश अमदानीतली पद्धत दुसऱ्या दाराने आत आली.

मग ओळख देणारी मध्यवर्ती सत्ताच आणावी काय? आपल्याकडे असा विचार करणारे पुष्कळ आहेत, आणि सरकारही त्याच दिशेने चालले आहे. सिमकार्डासाठी ओळखपत्र लागते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांना, विशिष्ट प्रकरणांत आदेश आल्यास, संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले. २०२२ च्या निर्देशांनी वाट झाकणाऱ्या सेवांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितले. २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील अतिरेकी कारवायांचे कारण देऊन १४ संदेश-अ‍ॅप्स बंद करण्यात आली. मध्यवर्ती संगणकाशिवाय चालणारे 'ब्रायर' त्यांत होते.

पण आपण विचारले पाहिजे, की ओळख देणारा हा कोण? आपल्याला ओळख देणाऱ्या मध्यवर्ती सत्तेचा अनुभव काही शतकांचा आहे. आडनाव तिने दिले. शाळेच्या दाखल्यावरचा रकाना तिने भरला. गावाच्या कोणत्या बाजूला राहायचे ते तिने ठरवले. शिव्या देणाऱ्याचा पत्ता मिळावा म्हणून आपण आज ज्या सत्तेच्या हाती वही देऊ, ती सत्ता उद्या त्या वहीत पहिले कोणाचे नाव शोधील?

(४)

आता त्या चित्रफितीकडे येतो. ती बाहेर गेली, लोकांनी पाहिली. पोलीस गावात येऊन गेले. तंत्र म्हणून पाहिले तर मुलाने काही चूक केली नव्हती. पाठवणाऱ्याचे नाव शेवटपर्यंत कोणाला कळले नाही. खरे म्हणजे गावात ते कोणी विचारलेही नाही. तिसऱ्या दिवशी बौद्धवाडीतल्या अकराही घरांचे भट्टीवरचे काम बंद झाले. दुकानदाराने उधारी थांबवली. मिनिडोर वाडीच्या फाट्यावर थांबेनाशी झाली. मुलाच्या वडिलांना सगळे उमगले होते. ते त्याला एवढेच म्हणाले, "नाव लपवलंस बाबा, पण वाडी कुठे लपवणार?"

या एका वाक्याने फ्रीनेटपासून पुढच्या साऱ्या रचनांतले एक गृहीत उघडे पडते. निनावीपणाचे शास्त्र असे मानते की शिक्षा देणाऱ्याला आधी व्यक्ती शोधावी लागते. म्हणून संशयितांचा घोळका जितका मोठा तितका माणूस सुरक्षित. अकरा घरांतले कोणीही असेल, म्हणजे कोणा एकावर बोट ठेवता येत नाही. न्यायालयापुढे हे खरे आहे. जात मात्र न्यायालय नव्हे. तिला व्यक्ती लागत नाही, वाडी पुरते. 'मी फक्त पुढे दिले, लिहिणारा मीच हे सिद्ध करा' हा बचाव तिच्यापुढे चालत नाही, कारण ती काही सिद्ध करायला बसलेलीच नसते. अकरा जणांचा घोळका हे तिच्या दृष्टीने संरक्षण नसून शिक्षेचे माप आहे.

दुसरे गृहीत शत्रूविषयीचे. रचनाकारांनी शत्रू कल्पिला तो दूरचा. सरकार, कंपनी, तारांवर कान लावून बसलेला हेर. त्यावर उपाय म्हणून २००८ च्या फ्रीनेटमध्ये फक्त ओळखीच्या, विश्वासाच्या मित्रांशीच जोडून घेण्याची सोय झाली. पाश्चात्त्य शहरात हा सल्ला शहाणपणाचा असेल. आमच्या गावात मित्रांचे जाळे काढले तर ते वाडीच्या कुंपणावरून फिरते. बौद्धवाडीचे बौद्धवाडीशी, आळीचे आळीशी, आदिवासी वाडीचे आदिवासी वाडीशी. बाहेर जाणारा धागा एखादाच, आणि तो तुटला की सगळी वाडी अंधारात. जाळ्यात कोणताही मजकूर न वाचता नुसती ये-जा पाहणाऱ्यालाही कळेल की ही बातमी कोणत्या कोपऱ्यातून निघाली. संगणकाच्या पत्त्यातून गाव कळते म्हणून रचनाकार चिंता करतात. आमच्या टपालाच्या पत्त्यातच जात असते! डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. पण पाटी बदलली तरी वस्ती आहे तिथेच राहते, आणि गावाला ती ठाऊक असते.

पत्ता कळण्याचा धोका अन्यत्रही दिसला आहे. २०१९ च्या हाँगकाँगच्या आंदोलनात तरुणांनी 'ब्रिजफाय' हे अ‍ॅप वापरले. इंटरनेटशिवाय, एका मोबाइलवरून जवळच्या दुसऱ्यावर निरोप उडी मारत जातो. २०२० मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले की त्यात माणसे ओळखता येत होती, निरोप वाचता येत होते आणि सारे जाळे बंद पाडता येत होते. ज्याच्या भरवशावर माणूस रस्त्यावर उतरतो त्याची तपासणी आधी व्हायला हवी, एवढा धडा आपल्या कार्यकर्त्यांनीही घ्यावा.

येथे एक आक्षेप मला दिसतो, आणि तो आपल्याच माणसांचा आहे. दलित साहित्य नाव लपवून उभे राहिले नाही. आपल्या लेखकांनी आपले गाव, आपली आई, आपली भूक नावानिशी छापली. मग आज निनावीपणाची भाषा कशाला? हा भित्रेपणा नव्हे काय?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण खैरलांजीकडे पाहावे. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि रोशन व सुधीर ही मुले मारली गेली. एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाईंनी आरोपींची ओळख पटवली होती, नावानिशी साक्ष दिली होती. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी गावाने हे केले. मोठ्या वृत्तपत्रांना या घटनेची दखल घ्यायला वेळ लागला. बातमी पसरली ती कार्यकर्त्यांच्या पाहणीतून, हातोहात, मोबाइलच्या संदेशांतून आणि संगणकावरून. नाव देणारीला संरक्षण नव्हते, हा खैरलांजीचा अर्थ आहे. पुढे अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने साक्षीदारांच्या हक्कांचे प्रकरण आले आणि साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची तरतूद झाली. नाव केव्हा द्यायचे हे ज्याचे नाव आहे त्याने ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यात भित्रेपणा नाही.

(५)

निनावीपणाचा मराठीतला सर्वांत खोल अभ्यास मला कुठे दिसला असेल तर बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत. १९६३ मध्ये त्याच नावाच्या संग्रहात ती आली. रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी गेलेला तरुण जात लपवून भाड्याची खोली घेतो, आणि जात उघड झाल्यावर मार खातो. समीक्षकांनी त्याची घुसमट पाहिली, त्याचा विद्रोह पाहिला. या वाचनानंतर मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो एकटा आहे. निनावीपणाच्या शास्त्राचे पहिले सूत्र हेच की एकट्याला निनावी राहता येत नाही. लपायला गर्दी लागते.

हे सूत्र सत्ताधाऱ्यांना नीट कळते. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात, मजकुराभोवती कांद्यासारखे कुलपांचे पापुद्रे चढवून तो अनेक संगणकांतून फिरवण्याची पद्धत निघाली. तिच्यातूनच पुढे 'टॉर' हे जाळे झाले. नौदलाने ते सर्वसामान्यांसाठी खुले का केले? केवळ नौदलाचीच माणसे ते वापरत राहिली असती, तर ते वापरणारा प्रत्येक जण नौदलाचा, हे उघड झाले असते. लपण्यासाठी त्यांना सामान्यांची गर्दी हवी होती. जगातल्या बलाढ्य आरमारालाही निनावी राहायला इतरांची सोबत लागते, मग अकरा घरांच्या वाडीची काय कथा!

गर्दीचा हा अर्थ आपल्या जिल्ह्याने १९२७ मध्ये पाहिला आहे. रामवाडीवरून जाणारा महामार्गच पुढे महाडला जातो. २० मार्चला हजारोंची मिरवणूक चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि परतली. हल्ला झाला तो माणसे पांगल्यावर, मंडपात उरलेल्यांवर आणि रस्त्यांवर एकट्यादुकट्या सापडलेल्यांवर.

आणि उसने नाव देण्याचा अर्थ १९२० मध्ये कळला होता. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाले तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी महाविद्यालयातली नोकरी असल्यामुळे संपादक म्हणून त्यांचे नाव लागले नाही. नाव लागले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. शब्द एकाचे, नाव दुसऱ्याचे, आणि जोखीम दोघांची. भटकरांनी दिले ते आजच्या भाषेत आवरण होय.

म्हणून माझे म्हणणे शेवटी असे. चांगले कुलूप, चांगले अ‍ॅप, चांगली रचना यांची गरज आहेच. आपल्या मुलांनी ते शास्त्र शिकावे, त्यातले दोष शोधावेत, आणि शत्रू शेजारी राहतो हे गृहीत धरून नव्या रचना कराव्यात. मात्र जोवर जाळ्यात फक्त वाडीच असेल, तोवर कोणतेही कुलूप वाडीला वाचवू शकणार नाही. ज्यांना लपण्याची गरज नाही अशांनी त्याच जाळ्यात यायला हवे, आमचा मजकूर त्यांच्याही संगणकातून पुढे गेला पाहिजे, म्हणजे तो कुठून निघाला हे गावाला सांगता येणार नाही. आमच्या सवर्ण पुरोगामी मित्रांकडे आजवर आपण सहानुभूती मागितली, परिसंवादात खुर्ची मागितली. आता त्यांची गर्दी मागितली पाहिजे. ती देणे अवघड आहे, कारण गर्दीत उभे राहिले की फटका त्यांनाही लागू शकतो. तो लागण्याची तयारी म्हणजेच बांधिलकी.

त्या गावाचे पुढे काय झाले ते सांगतो. बहिष्काराविरुद्ध २०१६ चा राज्याचा कायदा आहे, आणि त्याच्यामागे याच रायगड जिल्ह्यातल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांची पार्श्वभूमी आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. पण तक्रार निनावी देऊन भागत नाही. वाडीची बैठक झाली. मुलगा म्हणाला, मी एकटा सही करतो. वाडीतल्या म्हाताऱ्या बायांनी ते ऐकले नाही. अकराही घरांनी सही केली, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी अंगठे उठवले. अर्ज द्यायला मी सोबत गेलो होतो. गावठाणातल्या काही जणांनी आधी आम्हाला खासगीत सांगितले होते की झाले ते वाईट झाले. अर्जावर बाराव्या सहीसाठी जागा ठेवली होती. ती जागा अजून रिकामी आहे.